मोजदाद नसलेले मृत्यू

ज्या राष्ट्राची मोजदाद दुसरे करतात, त्याचे निर्णयही दुसरेच घेतात. इंग्रजांनी या देशातील जमीन मोजली, पिके मोजली, माणसे मोजली आणि त्या नोंदवह्यांच्या बळावर दीर्घकाळ राज्य केले. स्वातंत्र्य मिळाले; परंतु आपल्या माणसाला कशाने वेदना झाली आणि तो कशाने गेला, हे लिहून ठेवण्याची शिस्त मात्र आपण अंगी बाणवली नाही.

हे काम अशक्य आहे काय? कोकणाकडे पाहावे. १९७० च्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण तपासत होते. तांबडा विंचू डसला की रुग्ण घामाने निथळे, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी साचे आणि धडधाकट माणूस हातचा जाई. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. २०२२ मध्ये ते ‘पद्मश्री’ झाले. मोठी प्रयोगशाळा नव्हती, परकीय अनुदान नव्हते. होती ती निष्ठा आणि नोंदवही.

जेथे ही निष्ठा नव्हती तेथे काय घडले? सर्पदंशाने २००५ या एका वर्षात सुमारे ४६ हजार भारतीय मृत्युमुखी पडले, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. रुग्णालयांच्या सरकारी आकडेवारीच्या तो तीसपटींहून अधिक होता! उरलेले मृत्यू बांधावर, झोपडीत, वाटेवर झाले आणि कोठेही लिहिले गेले नाहीत. जे लिहिलेच नाही, त्यासाठी प्रतिविषाची कुपी कोण पाठवणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले. विलंबाने का होईना, हे पाऊल योग्य आहे. हाच नियम विंचू, गांधीलमाशी आणि आग्या मोहोळाच्या दंशालाही लागू झाला पाहिजे.

लसीचे प्रकरण याहून गंभीर आहे. कारण साप स्वतःहून येतो, लस मात्र शासन टोचते. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्यात आली. त्यांत अनेक वनवासी मुली होत्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संसदीय समितीने २०१३ मध्ये जे मांडले, ते कोणाही पालकाला अस्वस्थ करणारे आहे. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या! दुष्परिणाम टिपण्याची धड व्यवस्थाच नव्हती. आईबापांना विचारले नाही आणि नंतर मुलींची विचारपूसही केली नाही. दोन राज्यांत दोन वेगळ्या पक्षांची सरकारे होती. त्यामुळे हा दोष एका पक्षाच्या माथी मारून सुटका नाही.

येथे दोन प्रवृत्ती सारख्याच घातक आहेत. प्रत्येक लस म्हणजे विष, अशी अफवा पसरवणारी एक. तक्रार दाबली की प्रश्न मिटला, असे मानणारी दुसरी. दोघींचे पोषण नोंदींच्या अभावावरच होते. मे २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, कोविशील्डनंतर रक्तात गुठळ्या होण्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ आहे; ब्रिटनमध्ये ते ४ होते. पुढे २०२४ मध्ये लंडनच्या न्यायालयातील कागदपत्रांवरून देशात गहजब उठला, तेव्हा आपलाच हा आकडा किती जणांना आठवला? आणि तो कमी का, हे ठामपणे सांगायचे तर खेड्यापाड्यांतील प्रत्येक नोंद हाताशी असावी लागते.

लसीकरण हे राष्ट्रकार्यच आहे. लुळ्या पडलेल्या प्रत्येक बालकाचा शोध घेतला म्हणूनच २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. तीच चिकाटी दुष्परिणामांच्या बाबतीतही हवी. लस टोचल्यावर अर्धा तास थांबवले जाते का, त्रास झाल्यास तो लिहून घेतला जातो का, चौकशीचा निष्कर्ष कुटुंबाला कळतो का, हे प्रश्न गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारावेत. आशा सेविकेच्या वहीत दंशाची आणि लसीच्या त्रासाची नोंद व्हावी, यासाठी ग्रामसभेत आग्रह धरावा. समाजाची सेवा करू पाहणाऱ्याने आधी समाजाचे दुःख मोजायला शिकले पाहिजे. आपल्या माणसांची गणना आपण केली नाही, तर ती दुसरा कोणी करील, आणि ती त्याच्या सोयीची असेल.