विहाराची बाग : श्रमदान आणि वेठ

भीमजयंती पार पडली, बुद्धपौर्णिमा जवळ आली. पावसाळ्यात वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारा प्रवाह या दिवसांत आटून जातो आणि काळा कातळ तेवढा तापत राहतो. अशा वेळी या परिसरातील विहारालगतच्या बागांतून आपले तरुण-तरुणी पहाटे उठून, डोक्यावर घागरी व हातात बादल्या घेऊन, गेल्या पावसाळ्यात लावलेल्या पिंपळाला, कडुनिंबाला, आंब्याला पाणी घालताना दिसतात. रोप लावण्यास एक सकाळ आणि एक छायाचित्रकार पुरतो. ते वैशाखात तगविण्यास माणसे लागतात. या स्वयंसेवकांचे अभिनंदन करणे हे कर्तव्यच होय. परंतु नवदीक्षित कुटुंबांतून या कामाविषयी जी एक कुजबुज ऐकू येते, तिचा विचार करणे हे त्याहून अधिक निकडीचे कर्तव्य आहे.

कुजबुज अशी की, धर्म बदलला तरी फुकटची राबणूक आमच्याच वाट्याला का? म्हाताऱ्या माणसांनी हा प्रश्न विचारला तर त्यांना दोष देता येणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीची कामे केली, सांगावे नेले, सरकारी अंमलदारांची ओझी वाहिली आणि त्या बदल्यात बलुत्याचे चार दाणे व दारोदारचे शिळे तुकडे स्वीकारले, त्यांच्या कानाला "समाजासाठी काम" हा शब्द खटकणारच. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. असे असता पुन्हा विनामोबदला घाम गाळावयाचा तो कशासाठी?

माझे उत्तर असे आहे. काम फुकट आहे की पैशाचे, यावरून वेठ ठरत नाही. ज्याला "नाही" म्हणण्याची सोय नाही आणि ज्या जागेवर आपण राबतो त्या जागेत ज्याला काडीचा हक्क नाही, त्याचे काम म्हणजे वेठ. ज्याला नकार देता येतो आणि जो त्या जागेचा समान वाटेकरी आहे, त्याचेच काम श्रमदान या नावाला पात्र होते. म्हणून बागेला पाणी घालण्यापूर्वी प्रत्येक उपासकाने विचारावे, ही बाग कोणाच्या नावावर आहे?

या प्रश्नाचा निवाडा आपल्या धम्मग्रंथांत फार पूर्वी झालेला आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने भगवान बुद्धांसाठी जेत राजपुत्राचे उद्यान मागितले. जमीन नाण्यांनी झाकली तरी देणार नाही, असे राजपुत्र म्हणाला. किंमत बोलली गेली म्हणजे व्यवहार ठरला, असे अनाथपिंडिकाने धरले. तंटा न्यायाधिकाऱ्यांपुढे गेला आणि निकाल अनाथपिंडिकाच्या बाजूने लागला. (वकिलाला ही कथा प्रिय वाटावी यात नवल नाही.) पण खरी गोष्ट पुढेच आहे. एवढ्या धनाने घेतलेले ते उद्यान चारही दिशांच्या, आलेल्या व पुढे येणाऱ्या संघाला अर्पण झाले. कोणा एका थोर भिक्षूच्या नावे ते झाले नाही. विनयाचा नियम तर याहूनही कडक आहे. आराम आणि आरामाची जमीन ही संघाने, गटाने वा व्यक्तीने कोणासही देऊन टाकता येत नाही, आपसात वाटूनही घेता येत नाही. शिवाय भिक्षूला जमीन खणण्याची मनाई असल्याने बाग राखणे हे उपासकांकडेच येते.

आजचा कायदा याच वाटेने जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्तसंस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. पण हे संरक्षण मिळकत संस्थेची असेल तरच मिळते. जागा एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा उदार गृहस्थाच्या नावावर राहिली, तर त्याच्या पश्चात त्याचे वारस सातबारा घेऊन उभे राहतील, आणि वीस वर्षे पाणी वाहणाऱ्या भगिनींच्या घागरी कोणत्याही न्यायालयात पुरावा ठरणार नाहीत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, नागसेनवन वसविले, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नावे. हे उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातलेच आहे.

गायरानावर झाडे लावलेल्यांनी अधिक सावध असावे. मराठवाड्यातील भूमिहीनांच्या झगड्यानंतर शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांचा विचार केला. आजची लागवड त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात बजावले की, दीर्घ ताबा किंवा मोठा खर्च ही सबब ऐकली जाणार नाही. तेव्हा झाड मोठे होऊन आपोआप हक्क सिद्ध होईल, या भ्रमात राहू नये. ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची लेखी परवानगी आधी मिळवावी. लेण्यांलगतच्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही. बागेत अवजारांची खोली बांधण्याचा उत्साह तेथे अंगाशी येईल.

या बागेत इतर जातींच्या लोकांना येऊ द्यावे काय, असेही काही तरुण रागाने विचारतात. त्यांचा राग मला समजतो. वेरूळच्या पाचव्या क्रमांकाच्या लेण्याला, लांबच लांब दगडी बाक असलेल्या त्या बौद्ध विहाराला, लोक "महारवाडा" म्हणत आले. आमच्या वास्तूलाही गावाने वेशीबाहेरचे नाव दिले. तरीही उत्तर एकच, येऊ द्यावे. चवदार तळ्यावर १९२७ साली आपण जो हक्क मागितला, तो पाणी सर्वांचे आहे म्हणून मागितला. जी जागा सार्वजनिक म्हणून अर्पण केली, तिच्या फाटकावर आपणच जात विचारू लागलो तर संविधानाचा १५ वा अनुच्छेद कोणत्या तोंडाने उघडणार? मात्र जो सावलीत बसेल त्याने पाण्याची पाळीही घ्यावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

पाळीवरून आठवले. बहुतेक ठिकाणी पाणी स्त्रिया वाहतात आणि समितीत पुरुष बसतात. घरातली वेठ बागेत आणण्याचा हा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे. पाळीची वही ठेवावी, घरागणिक दिवस लावावेत, आणि त्या दिवशी घरातला पुरुष घागर उचलील असे ठरवावे. वहीत "अमुकची बायको" असे न लिहिता त्या भगिनीचे स्वतःचे नाव लिहावे, आणि विश्वस्तांच्या यादीतही तेच नाव असावे. धर्मादाय कार्यालयातील अर्जाला पावसाची वाट पाहावी लागत नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे जमतीलच, तेव्हा सह्या त्याच दिवशी घेता येतील.