भाताच्या वाटेने आलेलं विष

जपानमधल्या तोयामात, जिन्झू नदीकाठच्या बायका 'इताई, इताई' म्हणून विव्हळत असत. म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हाडं इतकी ठिसूळ की नुसत्या खोकल्याने मोडावीत. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिथला कॅडमियम हा विषारी धातू नदीत उतरला, पाटाने खाचरांत आला आणि भाताच्या दाण्यात जाऊन बसला.

रोपाला कॅडमियमची काहीच गरज नसते. पण मुळं त्याला मँगनीजच्याच दाराने आत घेतात. खाचरात पाणी तुंबलेलं असतं तोवर ते गंधकाशी जखडलेलं राहतं. कापणीआधी पाणी काढलं की जमिनीत हवा शिरते, ही पकड सुटते आणि ऐन दाणा भरताना ते वर चढतं. पीक मात्र हिरवंगार. मला सगळ्यांत भयंकर वाटतं ते हेच: ताटातल्या अशा भाताला ना वेगळा वास, ना रंग. पुढे मूत्रपिंडात कॅडमियमचा मुक्काम दहा वर्षांहून अधिक.

तोयामातल्याच डॉ. नोबोरू हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवलं. १९६८ साली सरकारने हाडांचं ते दुखणं प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. शेतांची माती सुधारण्याचं काम त्यानंतर कित्येक दशकं चाललं.

फॉस्फेट खतांतूनही थोडं कॅडमियम शेतात येतं. भारतातल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी मातीतले १२ घटक तपासले जातात. कॅडमियम त्यांत नाही. ते असायलाच हवं.