एकसाली मास्तर

शाळा उघडून महिना झाला. आवणी अर्ध्यावर आली आहे. आणि पाड्यापाड्यांवरून आमच्याकडे एकाच तऱ्हेचे निरोप येत आहेत. कुठे मास्तर आलाच नाही. कुठे आला, पण गेल्या सालचा नाही, नवाच कोणी. कुठे जुनाच येतो, पण ऑर्डर नाही म्हणून हजेरीवर सही करता येत नाही, तर नुसता येऊन बसतो. वनहक्काच्या दाव्यांची माहिती आतल्या पानांवर आहे, ती नेहमीसारखी वाचावी. या वेळी पहिलं पान शाळेला दिलं आहे. काही साथी म्हणाले, आपली चळवळ जमिनीची, मास्तराचं इथे काय काम? म्हणून जमिनीपासूनच सुरुवात करतो.

एकसाली म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत आपल्या आज्या-आजोबांनी एकसाली प्लॉट कसले. जंगलातली जमीन, सरकारने एका सालापुरती पिकवायला दिलेली. साल संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे, पुन्हा हात जोडून उभं राहणं. त्या जमिनीवर कोणी दगडाचा बांध घातला का? आंबा लावला का? नाही लावला. आपले लोक आळशी म्हणून नाही. पुढच्या साली ही जमीन आपल्या हातात असेल की नाही हे ठाऊक नसलेला माणूस आंबा लावत नाही, तो नागली-वरई पेरतो आणि निघेल तेवढं काढून घेतो. मग साहेब लोक म्हणायचे, बघा, हे जमिनीची काळजी घेत नाहीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने सरकारी पट्टे आणि भाडेपट्टे यांचं रूपांतर कायमच्या हक्कात करण्याची तरतूद केली, ती याच अनुभवावरून.

आता शाळेकडे बघा. तिथे तोच एकसाली कारभार चालू आहे. फक्त प्लॉटच्या जागी वर्ग आहे.

आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिक्षक घेतात. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे. दिवाळीची सुट्टी आली की पैसे बंद, उन्हाळ्यात घरी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जागा रिकामी असली की शेजारच्या शाळेतला एक मास्तर कामगिरीवर पाठवतात, म्हणजे इथलं भोक बुजवायला तिथे भोक पाडतात. एखाद्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तर ती रजा 180 दिवसांची आहे. ती त्यांच्या हक्काची आहे आणि मिळायलाच पाहिजे. पण त्या जाणार हे खात्याला चार-पाच महिने आधी कळलेलं असतं, तरी बदली माणूस तयार नसतो. आमच्या भागातल्या एका आश्रमशाळेत सातवीच्या वर्गाला गेल्या साली गणिताला तीन जण झाले. तिघांनीही अपूर्णांक पहिल्यापासून सुरू केले. परीक्षा आली तेव्हा पोरं अपूर्णांकातच होती.

किती दिवस ठेवायचं याचा नियमही गमतीचा आहे. सरकारी खात्यांत 29 दिवसांची ऑर्डर चालते, 11 महिन्यांची चालते, सत्र संपेपर्यंतची चालते. मधे एक-दोन दिवसांचा खंड दाखवायचा आणि पुन्हा नवी ऑर्डर काढायची. हा खंड कशासाठी? सलग नोकरी झाली तर माणूस उद्या कायम करा म्हणून कोर्टात उभा राहील, ही भीती. 2006 साली सुप्रीम कोर्टाने उमादेवीच्या केसमध्ये सांगितलं की नुसती जास्त वर्षं काम केलं म्हणून तात्पुरत्या माणसाला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे ती भीतीही आता उरायला नको. तरी खंड चालूच आहे. हा नियम मास्तरासाठी नाही, पोरांसाठी तर नाहीच. तो फाइलीसाठी आहे.

पोरांचं काय होतं ते आपण घरात बघतो. पहिलीचं पोर वारली बोलतं, कोकणा बोलतं, कातकरी बोलतं. पुस्तकाची मराठी त्याला परकी. मास्तराला त्याची बोली समजायला आणि पोराची भीड मोडायला दिवाळी उजाडते. कोणतं पोर कोणाच्या घरचं, कोणाचे आईबाप वीटभट्टीवर जाणार, कोण आजीकडे राहणार, हे कळलं तर तो पोराला शाळेत धरून ठेवू शकतो. तेवढं कळेपर्यंत त्याची ऑर्डर संपते. मग दुसरा येतो आणि पोरांना नावं विचारण्यापासून सुरू करतो. चौथीपर्यंत वाचता न येणाऱ्या पोराला ढ म्हणतात. एकसाली कसणाऱ्याला आळशी म्हणत, तसंच हे.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा, कारण हे ग्रामसभेत बोलावं लागेल.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 26 सांगतं की शाळेत मंजूर असलेल्या शिक्षकांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या असता कामा नयेत. ही अट शाळेची आहे. तालुक्याची सरासरी काढून सांगितली तर ऐकून घ्यायचं नाही. आपल्या पाड्यांवरच्या शाळा बहुतेक दोन शिक्षकी. त्याच कायद्याच्या परिशिष्टात 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. दोन शिक्षकांचे दहा टक्के किती? एका शिक्षकाचा पाचवा हिस्सा. मास्तराचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवता येत नाही, तो एकतर असतो नाहीतर नसतो. म्हणजे दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी राहिली की त्याच दिवशी कायदा मोडला. तालुक्याच्या साहेबांना हा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही. आपण दाखवू.

कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षक जुंपायचा नाही. निवडणुकीच्या नावाखाली मतदारयाद्यांचं काम वर्षभर पुरतं, हा भाग वेगळा.

तात्पुरत्या शिक्षकांबद्दल सुप्रीम कोर्ट 1985 सालीच बोललं आहे. हरियाणात सरकार शिक्षकांना तात्पुरतं घ्यायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काढायचं आणि शाळा उघडली की पुन्हा घ्यायचं. ते शिक्षक कोर्टात गेले. रतनलाल यांच्या नावाने ती केस आहे. कोर्ट म्हणालं, हे मनमानी आहे, सुट्टीचा पगार द्या, रिकाम्या जागा रीतसर भरा आणि त्या भरेपर्यंत आहेत त्या शिक्षकांना जागेवर राहू द्या. 1992 साली हरियाणाच्याच दुसऱ्या केसमध्ये, पियारासिंग यांच्या, कोर्टाने सांगितलं की तात्पुरता माणूस काढून त्याच्या जागी दुसरा तात्पुरता बसवायचा नाही, रीतसर निवडलेला आला तरच पहिल्याने जागा सोडायची. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे जूनमध्ये वर्गात नवा तात्पुरता उभा असतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मुदत घालायची तर रिकाम्या जागेला घाला. ही जागा जास्तीत जास्त किती दिवस रिकामी राहील ते लिहून द्या, आणि तेवढ्या दिवसांत भरली नाही तर जबाबदार कोण त्याचं नाव द्या. आज उलट चाललं आहे. माणसाला मुदत आहे, रिकाम्या जागेला नाही. ती पाच-पाच वर्षं तशीच पडून राहते.

आपल्यातच यावर दोन तट आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. काही पालक म्हणतात, गप्प राहा, तक्रार केली तर आहे तो पण जाईल. तासिकेवर असलेली बरीच पोरं-पोरी आपल्याच पाड्यांची, डी.एड. करून बसलेली. त्यांच्या घरी चूल त्या पैशावर पेटते. रिकाम्या जागेची बोंब मारली आणि बाहेरचा कायम मास्तर आला तर आपली पोरगी घरी बसेल, ही धास्ती खरी आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आपली म्हणून किती दिवस खपवून घ्यायचं, शिकवायला पक्का माणूसच पाहिजे.

आम्हाला वाटतं, दोन्ही एकाच ठरावात बसतं. मंजूर जागा भरा, आणि ती भरेपर्यंत आहे त्याला साल पुरं होण्याआधी हलवू नका, त्याच्या जागी दुसरा तात्पुरता आणू नका, सुट्टीचे पैसे द्या. जागा भरताना पोरांची बोली येणाऱ्याला आधी घ्या, ही मागणी वेगळी लढावी लागेल आणि ती सोपी नाही. नर्मदेकाठच्या जीवनशाळांत गावातल्याच तरुणांनी पावरी-भिलोरीतून शिकवलं. ते जमतं हे तिथे दिसलं आहे. पण आपला असला तरी जो पोरांना लाकडं आणायला पाठवतो, दुपारी शाळा सोडून बाजाराला जातो, त्याच्यासाठी आम्ही भांडणार नाही. एका पाड्यावर बायांनी असा एक जण ग्रामसभेत उभा केला आणि सगळ्यांसमोर विचारलं. तो नात्यातला होता, तरी विचारलं. त्यांचं बरोबर होतं.

ग्रामसभेला हे विचारायचा अधिकार आहे का, असं विचारणारे भेटतील. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये जंगलजमिनीवर गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत जागा देता येते, आणि त्या सोयींच्या यादीत पहिलं नाव शाळेचं आहे. ती जागा ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय मिळत नाही. शाळेखालची जमीन आपल्या शिफारशीने मिळते, तर आत कोण शिकवतो हे विचारायला आपण परके कसे? पेसा कायद्यातही, 1996 च्या, सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर ग्रामसभा आणि पंचायतीचं नियंत्रण लिहिलेलं आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया असल्या पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी ही समिती वहीतच आहे, सह्या घरी येऊन घेतात. आपल्या पाड्याची समिती कोण, हे आधी विचारा.

15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली. त्याआधी आवणीतून एक दिवस काढून समितीच्या बायांनी आणि दोन तरुणांनी शाळेत जावं. मंजूर शिक्षक किती, आज हजर किती, जागा रिकामी कोणत्या तारखेपासून, गेल्या साली एका वर्गाला किती जण बदलले, आत्ताच्या तात्पुरत्याची ऑर्डर कोणत्या तारखेला संपते, हे लिहून आणावं. मास्तराशी भांडायचं नाही, त्याचा यात दोष नसतो, आणि घाबरलेला माणूस माहिती देत नाही. ऑर्डर दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, नमुना शेवटच्या पानावर आहे.

ग्रामसभेत ठराव झाला की त्याची नक्कल जोडून कलम 32 खाली लेखी तक्रार द्यायची. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर गटशिक्षण अधिकाऱ्याकडे, आश्रमशाळा असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यालाही प्रत द्यायची. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. दाव्यांच्या वेळी पोच नसल्यामुळे कितीजणांचे अर्ज हरवले ते सगळ्यांना माहीत आहे. पोचेची एक झेरॉक्स संघटनेच्या ऑफिसात आणून द्या. पाड्याचं नाव आणि रिकाम्या जागेची तारीख ठळक लिहा. पुढच्या अंकात सगळ्या पाड्यांची यादी एकत्र छापू आणि तीच घेऊन सप्टेंबरात प्रकल्प कार्यालयावर जाऊ.