साठीनंतर गड चढावा का?

नांदूरघाटच्या माणसाला प्रवास नवा नाही. दसरा-दिवाळी सरली की केज तालुक्यातल्या या भागातून उसाच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र असो की कर्नाटक, मुकादम नेईल तिकडे जायचे. उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. आपल्या कितीतरी बांधवांचा आणि मायबहिणींचा उभा जन्म अशा वाटेवर गेला. पण तो सारा प्रवास पोटासाठी. काही पाहावे, समजून घ्यावे म्हणून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलेच नाही.

मग साठी उलटते. मोळ्या वाहून मान आखडलेली असते, गुडघे कुरकुरतात. अशा वेळी आजी म्हणाली, "मला वेरूळची लेणी बघायची हाय," तर घरातले उत्तर ठरलेले असते, "आता या वयात कशाला?"

आम्ही विचारतो, या वयात नाही तर कोणत्या वयात?

तथागतांनी ऐंशीव्या वर्षी राजगृहाहून कुशीनाराची वाट धरली. नालंदा, पाटलीग्राम, गंगा ओलांडून वैशाली, पुढे पावा, असा तो पायी प्रवास. वाटेत आजारपण आले. आपला देह जुन्या गाड्यासारखा झाला आहे, हे त्यांनी आनंदाला स्पष्ट सांगितले. तरी चारिका थांबली नाही. बाबासाहेबही नोव्हेंबर १९५६ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतताना त्यांनी सारनाथ आणि कुशीनगर पाहिले. आजार लपवून निघावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. वय झाले म्हणून माणसाची ओढ संपत नाही, एवढाच घ्यावा.

आपल्याला जवळची ठिकाणे म्हणजे वेरूळ आणि दौलताबाद. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी आहेत. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात बसलेली बुद्धमूर्ती आहे. बारावे लेणे तीन मजली आहे. दौलताबादचा चढ मात्र खरी परीक्षा घेतो. शेकडो पायऱ्या आणि मध्येच काळोखी 'अंधारी'.

याच किल्ल्याच्या दारात १९३४ मध्ये काय घडले, ते घरातल्या मुलांना ठाऊक आहे का? वेरूळ पाहायला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी तेथे थांबले. हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना घेरण्यात आले. शेवटी, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही अशा अटीवर, हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. तेव्हा आपला बीड जिल्हाही निजामाच्या त्याच राज्यात होता. आज नांदूरघाटची आजी तिकीट काढून त्या दारातून ताठ मानेने आत जाते आणि पायरीवर बसून घोटभर पाणी पिते, तेव्हा ती नुसती सहल राहत नाही.

अडचण आहे ती वेगळीच. हिंडायला हिवाळा चांगला, पण हिवाळ्यात लेक-सून फडावर असतात. नातवंडे, शेळ्या आणि घराचे कुलूप आजी-आजोबांच्या गळ्यात. टोळ्या परततात तेव्हा ऊन तापलेले असते. म्हणून वर्षानुवर्षे "पुढच्या साली" असेच चालते. आमची सूचना अशी, की टोळी निघण्याआधीचे चार दिवस म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवा. त्याच सुमारास आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. भिक्खूही तेव्हाच पुन्हा चारिकेला निघत. त्या चार दिवसांत घर तरुणांनी सांभाळावे.

निघण्यापूर्वी महिनाभर रोज सकाळी चालण्याचा सराव करावा. रक्तदाब, साखर तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. नाव, घरचा फोन आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. नवी चप्पल घालून चढू नये. जुने, पकड असलेले बूट बरे. काठी आणि बॅटरी घ्यावी. चढ सकाळीच उरकावा. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, तेव्हा घाई नको. दम लागला, छातीत दुखले तर तिथेच थांबावे. अर्ध्यातून परतण्यात कमीपणा नाही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

खर्चाचा बाऊ करू नये. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे आहे. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मेच भाडे पडते. आधार कार्ड तेवढे जवळ असू द्यावे. उरलेल्या खर्चासाठी महिला मंडळाने दरमहा थोडी भिशी लावली तर वर्षात एक गट सहज निघेल. पुढे हाच गट बोधगया, राजगीरपर्यंत जाईल. राजगीरला रत्नगिरीवर जायला रज्जुमार्गही आहे.

येथे नवस फेडायला जायचे नाही. आपल्या पूर्वजांच्या काळात दगडात कोरलेला धम्म डोळ्यांनी पाहायला जायचे आहे. तेव्हा यंदा मुकादमाच्या वहीत नावे चढण्याआधी विहारात एक यादी करा. आणि जिने आजवर स्वतःसाठी एकही तिकीट काढले नाही, त्या आजीचे नाव यादीत सर्वांत वर लिहा.

जयभीम!