आवणी थांबेल, आजार थांबणार नाही

मृगाचा पाऊस पडला की शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याचे दिवस मोजके होतात. राबावर टाकलेले भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांत आवणीला येते. ते वेळेवर लावले नाही तर फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. पाऊस आहे तोवर चिखलणी आणि माणसे मिळतात तोवर आवणी, असा हा घाईचा मामला. म्हणून सापगावपासून टोकावड्यापर्यंत या दिवसांत कोणत्याही दुखण्याला एकच उत्तर मिळते : "आवणी उरकू द्या, मग बघू."

या उत्तराला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. घरातले वर्षाचे भात या पंधरा-वीस दिवसांवर अवलंबून असते. "दुखणे अंगावर काढू नका" असे सांगणे डॉक्टरला सोपे आहे. पण प्रत्येक दुखण्यासाठी दवाखान्यात जाऊन बसायचे ठरवले तर शेत ओस पडेल. वेळ थोडा आहे आणि सगळे काही करता येणार नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. रोप थांबत नाही म्हणून तो घराची डागडुजी आणि पाहुणचार बिनतक्रार पुढे ढकलतो. माझे म्हणणे इतकेच, की हाच हिशेब त्याने शरीरालाही लावावा. सगळीच दुखणी आवणीनंतर, हा काही हिशेब नव्हे.

आधी थांबू शकणाऱ्या दुखण्यांविषयी. जुनी गुडघेदुखी, हळूहळू वाढणारा मोतीबिंदू, न दुखणारा जुना चट्टा, आडवे झाल्यावर आत जाणारा आणि न दुखणारा हर्निया, ही दुखणी दोन-तीन आठवडे थांबली तर बिघडत नाही. ती आवणीनंतर दाखवा, मात्र विसरू नका. क्षयाच्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यात एका दिवसाचाही खंड नको. त्याला दोन मिनिटे लागतात आणि दोन मिनिटे आवणीतही मिळतात.

आता न थांबणाऱ्या दुखण्यांकडे वळू. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त रक्त जाऊ लागले तर दोन तासांतही बाई दगावू शकते. जुलाबाने मूल मलूल झाले, त्याचे डोळे खोल गेले, ते पाणी पिईना, तर मीठ-साखरेचे पाणी घोटघोट देत त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. छातीवर दाब येऊन घाम सुटला, हर्नियाची गाठ अडकून उलट्या सुरू झाल्या, तर संध्याकाळची वाट पाहू नये. चिखलात राबणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर लेप्टोची शंका घ्यावी. सुरुवातीला साध्या औषधांनी आटोक्यात येणारा हा रोग उशीर झाला की मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी करतो.

सर्वांत कमी सवड देते ते सर्पदंशाचे विष. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले, म्हणजे याच दिवसांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. औषध आहे आणि तरी माणसे मरतात, कारण मधला वेळ भलत्याच कामांत जातो.

साप शोधणे, जखम कापणे, ती चोखणे, घट्ट दोरी आवळणे, ही सगळी त्यातलीच कामे. भगताकडे नेलेली माणसे बरी होतात हे खरे. पण त्यांतल्या अनेकांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेलेच नसते. ती माणसे काही न करताही वाचली असती. विष भिनले असेल तर मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही. भगतावर श्रद्धा असेल तर त्यालाही गाडीत बसवून न्या; पण गाडी थांबवू नका. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवा, रोग्याला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो आणि फारसा दुखतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे कळ आली, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसली नाही तरी निघावे.

विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी वापरली आणि जिथे शंभरात चाळीस रोगी दगावत तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. पण ती गोळीसुद्धा वेळेत पोटात गेली पाहिजे.

आपल्याकडे या वेळेला आणखी एक कात्री लागते. सापगावजवळचा भातसेवरचा पूल मोठ्या पुरात बंद झाला की पलीकडच्या गावांचा शहापूरशी संबंध तुटतो. म्हणून काही गोष्टी आवणीला हात घालण्यापूर्वीच ठरवून ठेवाव्यात : रात्री गाडी कोणाची, पूल बंद असेल तर कोणत्या वाटेने कुठे जायचे, आणि माणूस दवाखान्यात गेला तर त्याच्या वाट्याची आवणी कोण करणार. दिवस भरत आलेली गरोदर बाई घरात असेल तर ती अलीकडच्या बाजूला आधीच येऊन राहिलेली बरी.

शेवटी एक कटू गोष्ट. "आवणी उरकू द्या" हे वाक्य सर्वांत जास्त वेळा बाईच्या दुखण्याविषयी बोलले जाते. तिचा ताप, तिचे अंगावर जाणे, तिची चक्कर, सगळे बांधावर ठेवले जाते. आणि विचारणार कोणी नाही म्हणून तीही गप्प राहते. बाई चार दिवस घरी बसली तर आवणी अडेल, हे घरच्यांना दिसते. ती कायमची गेली तर काय काय अडेल, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण तिलाही लागू आहे. एखादे खाचर राहिले तर शेजारी सावडीने लावून देतील. फार तर दोन मण भात कमी येईल. तेवढी तूट घर सोसू शकते.