क्षणभंगुर कला आणि छायाचित्राचा हक्क

क्रिस्टो आणि जीन-क्लॉड या कलावंत दांपत्याने १९९५ च्या जूनमध्ये बर्लिनचे ‘राइशस्टाग’ हे संसदभवन एक लाख चौरस मीटर कापडात गुंडाळले. चौदा दिवसांनी हे आवरण उतरले. या कलाकृतीची पोस्टकार्डे एका प्रकाशकाने विनापरवाना विकली. सार्वजनिक जागी ‘कायम’ असलेल्या कृतींचेच चित्रण मुक्त असते आणि हे आवरण कायम नव्हते, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला.

हा निर्णय न्याय्यच म्हटला पाहिजे. या दांपत्याने कोणाचाही आश्रय न घेता, स्वतःची रेखाटने विकून खर्च भागविला होता. त्यांच्या श्रमावर परक्याने आपली पोळी का भाजून घ्यावी?

आपल्या १९५७ च्या कायद्यातही शिल्पाच्या छायाचित्राला ही मोकळीक आहे, ती शिल्प सार्वजनिक जागी कायमचे असेल तरच. मग दहा दिवसांनी विसर्जित होणाऱ्या गणेशमूर्तीची छायाचित्रे दिनदर्शिकेवर छापून विकणाऱ्याने मूर्तिकाराला विचारायला नको काय?

मात्र भाविकाने घरी जपलेल्या चित्राची गोष्ट निराळी. खासगी उपयोगाला कायदा वाव देतोच. गावाच्या इतिहासासाठी, नफ्याविना केलेल्या प्रकाशनालाही तसा स्पष्ट वाव मिळाला पाहिजे. जी कृती उद्या नाहीशी होणार, ती छायाचित्रातच उरते. तिची स्मृती सर्वांची असावी. तिचा व्यापार मात्र कर्त्याच्या संमतीनेच व्हावा.