आपल्या लॉजची पाटी आपणच रंगवावी

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलाने वेबसाइट बांधण्याविषयी लिहावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे असे आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल. विज्ञान शाखेतल्या मित्रांना तर हसूच येईल. तरीही लिहीत आहे. माझे मत असे बनले आहे की, एखाद्या लहानशा लॉजची वेबसाइट हे मुख्यतः लिहिण्याचे काम आहे, त्यातला यंत्राचा भाग थोडा आहे, आणि ते लिहिणे त्या घरातल्याच माणसाने करावे. हे मत पुस्तकातून आलेले नाही. ते आम्हाला अंमळ महाग पडले आहे.

मालवणात आमच्या घराला लागून सहा खोल्यांचे लॉज आहे. चार खोल्या वर, दोन खाली. २०१९ साली बाबांनी शहरातल्या एका गृहस्थाकडून त्याची वेबसाइट करून घेतली आणि पैसे रोख मोजले. साइट दिसायला झकपक होती. उघडताक्षणी निळ्याशार पाण्याचा तरणतलाव दिसे. आमच्याकडे विहीर आहे. मजकूर बहुतेक इंग्रजीत होता आणि जेथे मराठी होता तेथे 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे. कोकणातले एकूण एक लॉज निसर्गाच्या कुशीत असते. ती कूस केवढी आणि तीत मावणार किती जण, हे कोणी विचारीत नाही.

त्या साइटवर विसंबून एकदा सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक सपत्निक आले. बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. खोली वरची मिळाली होती आणि आमचा जिना जुन्या घराचा, अरुंद आणि उभा. खालच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते जिन्याकडे पाहत उभे राहिले. शेवटी आई-बाबांनी आपली निजण्याची खोली त्यांना दिली आणि आम्ही तीन रात्री ओटीवर काढल्या. त्या बाईंनी निघताना आईच्या हातावर साखर ठेवली, पण तरणतलाव कोठे आहे हे विचारायला त्या विसरल्या नाहीत.

खरा घोटाळा पुढेच झाला. २०२२ च्या पावसाळ्यात एका जुन्या पाहुण्याचा फोन आला. 'काय हो, लॉज बंद करून जुगाराचा अड्डा काढलात काय?' असे ते थट्टेने विचारीत होते. पाहतो तो आमच्या पत्त्यावर कसल्याशा परदेशी जुगाराचे पान उघडत होते. झाले होते ते असे. वेबसाइटचे नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने भाड्याने मिळते आणि मुदत भरली की पुन्हा पैसे भरावे लागतात. त्या गृहस्थाने हे नाव आमच्यासाठी घेतले खरे, पण नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर केली होती. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्याकडे गेल्या. त्याने लक्ष दिले नाही. सवलतीचे दिवस उलटले, नाव बाजारात आले आणि कोणीतरी उचलले. गूगलच्या नकाशावर, आमच्या छापील कार्डांवर, एस. टी. स्थानकासमोरच्या फलकावर मात्र तोच पत्ता कायम होता. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण त्या जमिनीत घर बांधावे, तशातला हा प्रकार. सातबारा पाहिल्यावाचून बाबा गुंठाभर जमीन घेणार नाहीत. पण हा कागद पाहायचा असतो हेच आम्हा कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणून माझे पहिले सांगणे एवढेच की, साइट कोणाकडूनही करून घ्या, नाव मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या पैशाने घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो.

'मग एवढा खटाटोप हवाच कशाला? आरक्षण करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत की,' असे आमचे एक शेजारी म्हणतात. आहेत, आणि त्यांच्याकडून नवा पाहुणा येतो हे मी नाकारीत नाही. आम्हीही तेथे नाव ठेवले आहे. पण हिशेब पाहा. आमच्या खोलीचे भाडे दीड हजार. त्यावर अठरा टक्के दलाली म्हणजे २७० रुपये, आणि त्या दलालीवर पुन्हा अठरा टक्के जी. एस. टी. म्हणजे ४८ रुपये ६० पैसे. एका रात्रीमागे ३१८ रुपये ६० पैसे गेले. एवढ्यात आमच्याकडे दोघांचे जेवण होते. नव्या पाहुण्यासाठी हे देणे मला रास्त वाटते. पण सलग पाच वर्षे येणारे कोल्हापूरचे कुटुंब केवळ आमचा पत्ता सापडत नाही म्हणून त्याच वाटेने येऊ लागले आणि दरवर्षी आम्ही त्यांच्यामागे दलाली मोजू लागलो, तेव्हा आमच्याच ओळखीचे भाडे आम्ही भरीत होतो.

या धंद्यातल्या करारांत आणखी एक मेख असे. लॉजवाल्याने आपल्या स्वतःच्या साइटवर याहून कमी दर लावता कामा नये, असे कलम. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या समूहाला २२३.४८ कोटी रुपये दंड केला आणि हॉटेलांवरची दराची अशी बंधने करारांतून काढण्यास सांगितले. आपल्या घराचा दर आपल्या दारावर लिहिण्यासाठी निकाल लागावा लागतो, हे वाचून मी थक्क झालो. पण दर लिहायला आधी आपले दार तरी हवे.

ते दार मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत बांधले. यात पराक्रम काही नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांची ही विद्या सर्वांना विनामूल्य खुली केली, तेव्हापासून वेबचे साधे पान कोणीही लिहू शकतो. मी एकच पान केले. सहा खोल्यांना आरक्षणाचे यंत्र नको. बाबांची लांब वही पुरते. फोन नंबर चित्रात न घालता अक्षरांत घातला, म्हणजे बोट लावताच फोन लागतो. छायाचित्रे आमच्याच खोल्यांची, दुपारच्या उजेडात काढलेली. मोबाइलवरचे एकेक चित्र चार-चार एम. बी. चे होते, ते दोनशे के. बी. च्या आत आणले. कारण पाहुणा पुष्कळदा घाटात, एस. टी. च्या खिडकीशी बसून पान उघडीत असतो.

एवढे दोन दिवसांत झाले. मजकुराला तीन आठवडे लागले.

पहिलाच शब्द अडला. 'हॉटेल' लिहावे, तर मराठी माणसाच्या लेखी हॉटेल म्हणजे चहा-मिसळ मिळण्याची जागा. 'लॉज' म्हटले की काहींच्या मनात नको ते येते. 'निवास' म्हटले तर धर्मशाळेचा वास येतो. शेवटी 'कुटुंबाचे लॉज, सहा खोल्या, घरचे जेवण' असे लिहिले. पत्त्याचे नावही देवनागरीत घ्यावे असे मनात होते. २०१४ च्या ऑगस्टपासून '.भारत' हे टोक मराठीसाठी मिळते. पण फोनवर पत्ता सांगताना ऐकणारा गोंधळेल म्हणून रोमन घेतला. मराठीच्या विद्यार्थ्याने हा भ्याडपणा केला, हे मान्य करतो. मजकूर मात्र आधी मराठी आणि खाली इंग्रजी, कारण येणारे बहुतेक लोक सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याचे.

मग काय लिहावे यावरून घरात वाद झाला. मी लिहिले होते : 'वरच्या चार खोल्यांचा जिना अरुंद व उभा आहे. गुडघ्याचा त्रास असल्यास खालची खोली आधी सांगून ठेवावी. दुपारी वीज जाते. टी. व्ही. नाही. कुडाळ स्थानकावर उतरावे, तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर.' बाबांनी वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

'जिनो अरुंद आसा, ह्या जगाक कित्याक सांगूक होया?' ते म्हणाले. 'बाजूवालो सांगता काय?'

आई भांडी पुसत होती. ती एवढेच म्हणाली, 'त्या गुरुजींका परत ओटयेवर घेवचा आसा काय? आमचे उशे आता नरम नाय ऱ्हवले.'

जिना राहिला.

या साइटने आमचे नशीब पालटले असे मी म्हणणार नाही. तिच्यावरून महिन्याला चार-पाच फोन येतात. पण हे फोन वेगळे असतात. लोक आधीच विचारतात, 'खालची खोली मिळेल ना?' आल्यावर त्यांना काही शोधायचे नसते. आमच्या वर्गात सुंदर मराठी लिहिणारी दहा तरी मुले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या गावी कोणाची खानावळ, कोणाचे लॉज, कोणाचे काजूचे दुकान आहे. त्या सर्वांच्या साइटवर 'निसर्गाच्या कुशीत' लिहिणारा माणूस बाहेरून का यावा, ते मला कळत नाही. प्रकल्पासाठी आम्हाला नेहमीचेच विषय देण्यापेक्षा एखाद्या वर्षी असे एक खरे पान लिहायला लावले, तर निबंधाची वही तपासण्यापेक्षा ते अवघड जाईल खरे. कारण चूक झाली तर गुण कापून भागत नाही, कोणाला तरी ओटीवर निजावे लागते.

मागच्या सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांनी चष्मा लावून सबंध पान पुन्हा वाचले. मग म्हणाले, 'सोमवारचा घाल.' आणि सांगितले ते मी तसेच उतरून घातले : 'सोमवारी घरात मासे रांधत नाहीत. उसळ, भात आणि सोलकढी मिळेल. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेवढ्यासाठी येत असाल तर आधी फोन करा.'